पहिला सीटी नॉर्मल होता, मग दुसऱ्यात गुठळी कुठून आली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधल्या ६८ वर्षांच्या एका काकांचा सकाळी पेपर वाचता वाचता उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं बंद झालं. घरच्यांनी लगेच जवळच्या हॉस्पिटलमध्ये नेलं, तिथे मेंदूचा सीटी काढला आणि रिपोर्ट आला ‘नॉर्मल’. मग दोन तासांनी मोठ्या हॉस्पिटलमध्ये हलवलं तर तिथे परत सीटी, वर डाय (स्कॅनमध्ये नसा उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून सोडायचं औषध) घालून अँजिओग्राफी, आणि त्यात डाव्या बाजूच्या मोठ्या नसेत गुठळी सापडली, ती काढली. आता काका चालतायत पण बोलताना शब्द अडकतात. मुलगा विचारतोय की गुठळी पहिल्या सीटीत होती का, असली तर दिसली का नाही, परत स्कॅन आणि डाय खरंच लागत होतं का बिल वाढवायला केलं, डायने किडनीला काही होईल का, आणि आता घरातल्या बाकीच्यांनी पण सीटी करून घ्यावा का.

मी पुण्यात रेडिऑलॉजिस्ट आहे आणि मेंदूचे स्कॅन वाचणं हेच बरीच वर्षं माझं रोजचं काम आहे. तुमच्या वडिलांचे स्कॅन मी बघितलेले नाहीत त्यामुळे त्यांच्याबद्दल ठाम काही सांगणार नाही, पण हा प्रश्न मला नातेवाईक इतक्या वेळा विचारतात आणि सीटी रूमच्या बाहेर उभ्या उभ्या उत्तर इतकं अर्धवट दिलं जातं की एकदा नीट लिहायचंच होतं.

आधी ‘नॉर्मल’ या शब्दाबद्दल. पक्षाघाताचा झटका दोन कारणांनी येतो, नस फुटून रक्तस्राव होतो किंवा नस बंद होऊन पुढच्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो, आणि बाहेरून पेशंटकडे बघून दोन्ही सारखेच दिसतात, कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी. उपचार मात्र एकदम उलटे, एकात रक्त थांबवायचं असतं आणि दुसऱ्यात गुठळी विरघळवायची असते. म्हणून पहिल्या साध्या सीटीला डॉक्टर सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारतात की रक्तस्राव आहे का नाही. ताजं रक्त सीटीत पांढरंशुभ्र दिसतं, ते सहसा चुकत नाही. बंद नसेमुळे मेंदूचा जो भाग मरतो तो काळपट व्हायला मात्र काही तास जातात, त्यामुळे पहिल्या तासा-दोन तासात काढलेल्या सीटीत मेंदू बऱ्यापैकी नॉर्मल दिसणं हे अगदी अपेक्षित आहे. तो ‘नॉर्मल’ म्हणजे रक्तस्राव नाही, म्हणजेच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल का याचा विचार ताबडतोब सुरू करा, असा त्याचा अर्थ असतो. घरी मात्र त्याचा अर्थ ‘काही नाहीये, उगाच घाबरलो’ असा लावला जातो आणि हे मला फार लागतं, कारण त्या गैरसमजात मौल्यवान वेळ जातो. मोठी नस बंद असताना दर मिनिटाला साधारण १९ लाख पेशी मरतात असा हिशोब २००६ साली मांडला गेला होता. प्रत्येक पेशंटमध्ये हा आकडा वेगळा असतो, पण घाई कशासाठी ते त्यावरून कळतं.

आता गुठळी स्वतः साध्या सीटीत दिसते का? दिसते, पण ती शोधावी लागते. सीटी म्हणजे शेवटी आकड्यांचं चित्र आहे. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, मेंदू साधारण २५ ते ४०, वाहतं रक्त ४० च्या आसपास आणि हाड काहीशेच्या पुढे. या आकड्यांना हाउन्सफील्ड युनिट म्हणतात, ज्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी सीटी मशीन बनवलं त्यांच्या नावावरून. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या पेशंटचा मेंदू स्कॅन झाला आणि १९७९ साली त्यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. तर रक्त जेव्हा गोठतं तेव्हा त्यातला पाण्याचा भाग पिळून बाहेर पडतो आणि लाल पेशी दाटीवाटीने एकत्र येतात. लाल पेशीत हिमोग्लोबिन असतं, त्यातलं प्रोटीन घट्ट झालं की आकडा वाढतो (पुष्कळांना वाटतं की लोहामुळे, पण लोहाचा वाटा अगदी कमी असतो), आणि ४० चं रक्त ५० ते ८० पर्यंत जातं. म्हणजे बंद झालेली नस आजूबाजूपेक्षा आणि दुसऱ्या बाजूच्या नसेपेक्षा जास्त पांढरी दिसते. मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीत असं दिसलं तर त्याला आम्ही डेन्स एमसीए म्हणतो (एमसीए म्हणजे हीच मधली धमनी), १९८० च्या दशकापासून ही खूण माहिती आहे.

मग पहिल्या सीटीत का दिसली नसेल? इथे जरा थांबून समजून घ्या, कारण सगळी गंमत स्लाइसच्या जाडीत आहे. मेंदूच्या मधल्या धमनीचा पहिला भाग जेमतेम ३ मिलिमीटर जाड असतो. नेहमीच्या सीटीची फिल्म काढतात ती बऱ्याचदा ५ मिलिमीटरच्या स्लाइसची, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीत जे काय काय असेल त्याची सरासरी काढून एकच ठिपका दाखवला जातो. आता त्या ५ पैकी ३ मिलिमीटर गुठळी आहे, आकडा ६०, आणि उरलेले २ मिलिमीटर मेंदूभोवतीचं पाणी, आकडा समजा ५. तीन गुणिले साठ एकशे ऐंशी, अधिक दहा, एकशे नव्वद, भागिले पाच, आले ३८. अडतीस म्हणजे नॉर्मल मेंदूचा नाहीतर वाहत्या रक्ताचा आकडा. गुठळी तिथेच होती आणि सरासरीत विरघळून गेली. अजून पुढच्या, २ मिलिमीटरच्या फांदीत गुठळी असेल तर हाच हिशोब २७ वर येतो, म्हणजे नस उलट फिकीच दिसणार. प्रत्यक्षात नस गोल असते म्हणून गणित याहूनही वाईट येतं.

तीच नस १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ स्लाइसमध्ये बघितली की तो ६० आकडा ६० च दिसतो आणि पांढरी रेघ एकदम डोळ्यात भरते. आणि यासाठी पेशंटला परत स्कॅनरमध्ये घालावं लागत नाही, जास्त रेडिएशन लागत नाही, जास्त पैसेही नाहीत. हल्लीची मल्टिस्लाइस मशीन्स मुळात पातळच माहिती गोळा करतात आणि मग फिल्मसाठी ती जाड करून देतात. टेक्निशियनने कन्सोलवर पातळ स्लाइसचा सेट बनवायला दोन मिनिटं लागतात. पण ती कच्ची माहिती मशीनमध्ये कायम राहत नाही, नवीन पेशंट येत गेले की जुनी पुसली जाते, म्हणून ज्या दिवशी काढला त्याच दिवशी तो सेट बनवून ठेवला पाहिजे. माझं स्पष्ट मत आहे की झटक्याच्या पेशंटचा पातळ सेट न बनवता सीटी रिपोर्ट करणं म्हणजे अर्धाच स्कॅन वाचणं आहे. पुण्यात आणि आसपासच्या बऱ्याच गावांमध्ये आता सीटीची मशीन्स आहेत, मशीन चांगली आहेत, कमी पडते ती ही सवय.

दुसरं कारण म्हणजे विंडो, म्हणजे काळ्या-पांढऱ्याची सेटिंग. मेंदूच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये ८० आकड्यांची रेंज काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पसरवलेली असते, त्यात ४० आणि ५५ मधला फरक डोळ्याला जेमतेम कळतो. झटक्याच्या पेशंटमध्ये रेंज ४० किंवा त्याहून कमी करून बघायचं, मग तोच फरक ठळक होतो, आणि गुठळीच काय, मेंदू सुजायला लागल्याच्या पहिल्या खुणाही दिसतात, म्हणजे इन्सुलाची (मेंदूच्या घडीत दडलेल्या भागाची) किनार पुसट होणं, आतल्या गँग्लिया (मेंदूच्या खोल भागातले पेशींचे पुंजके) धूसर होणं. फिल्मवर हे करता येत नाही, फिल्म छापली की सेटिंग संपलं. आणि त्या फिल्मचा खिडकीला धरून काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, ‘मॅडम जरा बघून सांगा’, त्यावरून मी रक्तस्राव मोठा आहे का एवढं सांगू शकते, गुठळीबद्दल एक शब्द बोलू शकत नाही.

तिसरं कारण साधं आहे पण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. सीटीच्या फॉर्मवर ‘सीव्हीए?’ (म्हणजे ‘झटका आहे का?’) एवढंच लिहिलेलं असतं. कुठला हात गेला, बोलणं गेलं का, किती वाजता, काहीच नाही. उजवा हात आणि बोलणं गेलंय म्हटल्यावर मी थेट डावी मधली धमनी आकडे मोजून बघते, दोन्ही बाजूंना कर्सर ठेवून. ४३ च्या वर आकडा आणि दुसऱ्या बाजूच्या तुलनेत १.२ पटीहून जास्त, हे एक वापरात असलेलं माप आहे. काही न सांगता आलेल्या स्कॅनमध्येही बघतेच, पण रात्री तीन वाजता ओळीने अपघाताचे स्कॅन वाचणाऱ्या माणसाला बाजू सांगितलेली असणं आणि नसणं यात फार फरक पडतो. कधीकधी पेशंटचे डोळेच बाजू सांगतात. मोठा झटका आला की दोन्ही डोळे गुठळीच्या बाजूला वळतात आणि ते सीटीतही दिसतं, डोळ्यातलं भिंग एका बाजूला फिरलेलं. मला डोळे असे वळलेले दिसले की त्या बाजूची नस मी दोनदा बघते. नातेवाईकांनो, कुणी विचारो न विचारो, सीटी रूममध्ये टेक्निशियनला तोंडाने सांगा, कुठली बाजू गेली आणि शेवटचे धड कधी दिसले.

आणि हेही खरं आहे की सगळं नीट करूनही काही गुठळ्या साध्या सीटीत दिसतच नाहीत. लाल पेशी भरपूर असलेली गुठळी पांढरी दिसते, पण फायब्रिन (रक्त गोठताना बनणारे प्रोटीनचे धागे) आणि प्लेटलेट जास्त असलेली गुठळी आजूबाजूसारखीच दिसते. हिमोग्लोबिन कमी असेल, आपल्याकडच्या बायकांमध्ये तर ते सर्रास कमी असतं, तर रक्ताचा मूळ आकडाच खाली असतो आणि गुठळीही त्या मानाने फिकी. उलट प्रकारही होतो, हिमोग्लोबिन १८-१९ असेल किंवा अंगातलं पाणी खूप कमी झालं असेल तर सगळ्याच नसा पांढऱ्या दिसतात आणि नवीन डॉक्टर दचकतो. तिथे दोन्ही बाजू बघायच्या. दोन्हीकडे सारखं असेल, डोक्याच्या मागच्या शिरांमध्येही तसंच असेल तर ते घट्ट रक्त, गुठळी नाही. वय झालेल्यांच्या नसेच्या भिंतीत कॅल्शियम बसतं तेही पांढरं, पण त्याचा आकडा शंभराच्या बराच वर जातो आणि ते भिंतीला चिकटून असतं. कधी हृदयाच्या व्हॉल्व्हवरचा किंवा मानेतल्या नसेतला कॅल्शियमचा कणच उडून मेंदूत जातो, तो टाचणीच्या टोकाएवढा चकचकीत ठिपका असतो, त्याला जुनं कॅल्शियम समजून सोडून देणं सोपं असतं आणि त्यावर इंजेक्शनचा फारसा उपयोग होत नाही.

म्हणून अँजिओग्राफी. तुमचा दुसरा प्रश्न, बिल वाढवायला केलं का. नाही. मोठी नस बंद असल्याचा संशय असेल तर सीटी अँजिओग्राफी ही आज गरजेची तपासणी आहे, आणि माझं तर म्हणणं आहे की ती पहिल्याच ठिकाणी, त्याच टेबलवर, साध्या सीटीनंतर लगेच झाली असती तर बरं झालं असतं.

तिच्यात काय करतात ते सांगते. हाताच्या कोपरापाशी जाड सुई लावतात, शक्यतो उजव्या हाताला, कारण डाव्या हातातून डाय छातीतून आडवं जाताना तिथल्या मोठ्या शिरेत घट्ट राहिलं की त्याच्या रेषा मानेच्या नसांच्या मुळावर येतात. साधारण ६०-७० मिलिलिटर आयोडीनचं डाय सेकंदाला ४-५ मिलिलिटर वेगाने मशीननेच सोडतात, पेशंटला अंगभर गरम गरम वाटतं, ते नॉर्मल आहे. मशीन छातीतल्या महाधमनीवर लक्ष ठेवून असतं, तिथे डाय पोचलं की आपोआप स्कॅन सुरू होतो, छातीच्या वरपासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत, काही सेकंदांत संपतो. उघड्या नसा भक्क पांढऱ्या दिसतात आणि गुठळीपाशी तो पांढरा रंग तुटतो.

मोठ्या नसेतली तुटलेली रेघ कोणालाही दिसेल. अवघड असतं ते पुढच्या फांद्यांचं, कारण तिथे काही वेगळं ‘दिसत’ नाही, एक फांदी नुसती नसते. रात्री सिंहगडावरून पुण्याचे दिवे बघताना एका गल्लीतले दिवे गेले असतील तर ज्याला ती गल्ली माहिती आहे त्यालाच ते कळणार, तसं आहे हे. म्हणून फांद्या मोजत जायचं, दोन्ही बाजूंची जाड एमआयपी चित्रं (अनेक स्लाइस एकत्र करून सगळ्यात पांढरं तेवढंच दाखवणारी) शेजारी शेजारी लावायची आणि ज्या बाजूला झाड विरळ वाटतं तिथे पातळ स्लाइसमध्ये एकेक फांदी मुळापासून टोकापर्यंत चालत जायची. हल्ली सॉफ्टवेअरही मोठी नस बंद असल्याचा इशारा मोबाइलवर देतं, चांगली गोष्ट आहे, रात्रीच्या वेळी त्याने सगळी टीम लवकर जागी होते, पण त्याचा भर मुख्यतः पुढच्या मोठ्या नसांवर असतो, लहान फांद्या आणि मेंदूच्या मागच्या नसा माणसानेच बघायच्या.

एक फसवणारी गोष्ट सांगते. स्कॅन फार लवकर झाला किंवा पेशंटचं हृदय कमजोर असेल तर डाय वर पोचायच्या आतच चित्र निघून जातं आणि नस मानेपासूनच बंद आहे असं वाटतं, प्रत्यक्षात ती बरीच वर, डोक्याच्या आत बंद असते आणि खाली नुसतं थांबलेलं रक्त असतं. नसेतून कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालून गुठळी काढणाऱ्या डॉक्टरसाठी हा फरक फार मोठा आहे, कारण मानेत स्टेंट लागणार का नाही हे त्यावर ठरतं. यासाठी आठ आठ सेकंदांनी डोक्याचे अजून दोन स्कॅन घेतात, जास्तीचं डाय न देता. त्याला मल्टिफेज म्हणतात आणि मला ही पद्धत फार आवडते, कारण तिचा दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. नस बंद असली तरी शेजारच्या नसांकडून उलट्या बाजूने थोडं रक्त येत असतं, त्याला कोलॅटरल म्हणतात. ते किती आणि किती लवकर भरतात हे दुसऱ्या-तिसऱ्या फेजमध्ये दिसतं. कोलॅटरल चांगले असतील तर मेंदू जास्त वेळ तग धरतो, वाईट असतील तर दोन तासातच बराच भाग गेलेला असतो. एकाच वेळी झटका आलेल्या दोघांपैकी एक बरा होतो आणि एक होत नाही, त्याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं. ज्यांना झोपेतून उठताना झटका जाणवला आणि वेळ माहितीच नाही त्यांच्यासाठी परफ्यूजन स्कॅनही करतात, त्यात मेलेला भाग आणि वाचवता येण्यासारखा भाग वेगळा काढता येतो.

गुठळी कुठे आहे, किती लांब आहे हे कळून काय फरक पडतो? सगळाच. इंजेक्शन सहसा झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत देतात. पूर्वी फक्त अल्टेप्लेज होतं, आता टेनेक्टेप्लेज एकाच डोसमध्ये एकदम देता येतं आणि ते आपल्या हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीत बनतं. लहान फांदीतली छोटी गुठळी त्याने विरघळायची चांगली शक्यता असते, पण मोठ्या नसेतली लांब गुठळी बऱ्याचदा दाद देत नाही. २०११ च्या एका अभ्यासात पातळ स्लाइसच्या सीटीवर गुठळीची लांबी मोजली तेव्हा ८ मिलिमीटरच्या वरच्या गुठळ्या इंजेक्शनने जवळजवळ सुटल्याच नाहीत. अशांना मांडीतून किंवा मनगटातून कॅथेटर घालून गुठळी ओढून काढावी लागते, थ्रोम्बेक्टॉमी. २०१५ साली एकापाठोपाठ पाच मोठ्या अभ्यासांनी हे सिद्ध झालं आणि २०१८ मध्ये डॉन आणि डिफ्यूज ३ या अभ्यासांनी निवडक पेशंटमध्ये ही मुदत अनुक्रमे २४ आणि १६ तासांपर्यंत वाढवली. निवडक म्हणजे ज्यांच्या स्कॅनमध्ये अजून वाचवण्यासारखा मेंदू दिसतो ते. म्हणजे स्कॅनशिवाय हा सगळा रस्ता सुरूच होत नाही. एक लक्षात ठेवा की अँजिओग्राफीसाठी इंजेक्शन थांबवायचं नसतं, साध्या सीटीत रक्तस्राव नाही, शुगर बघितली, बीपी मर्यादेत आहे, की इंजेक्शन सीटीच्या टेबलवरच द्यायचं आणि मग डाय.

आपल्याकडे अजून एक भानगड असते. भारतीयांमध्ये, एकूणच आशियाई लोकांमध्ये, मेंदूच्या आतल्या नसा मुळात अरुंद झालेल्या असण्याचं प्रमाण जास्त आहे, डायबेटिस आणि बीपीमुळे, आणि त्या अरुंद जागेवरच गुठळी बनते. हृदयातून उडून आलेली गुठळी बहुतेक वेळा फाट्यावर जाऊन अडकते, अरुंद जागेवरची मात्र नसेच्या मध्येच असते आणि साध्या सीटीत ती अनेकदा पांढरी दिसत नाही. बाकीच्या नसाही खडबडीत दिसल्या की मी रिपोर्टमध्ये तसं लिहिते, कारण मग ओढून काढल्यावर नस परत बंद होऊ शकते आणि फुगा किंवा स्टेंट तयार ठेवावा लागतो.

मागच्या बाजूच्या नसेबद्दल दोन शब्द, कारण तिथे चूक सगळ्यात महाग पडते. बॅसिलर नावाची धमनी मेंदूच्या देठाला रक्त देते. ती बंद व्हायला लागली की हात लुळा पडेलच असं नाही, गरगरतं, उलट्या होतात, एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते, मग पेशंट गुंगतो. याला अ‍ॅसिडिटी, उन्हाचा त्रास नाहीतर मानेचा स्पाँडिलायटिस समजून घरी पाठवलेले पेशंट मी बघितलेत. ही नस उभी असते म्हणून प्रत्येक स्लाइसमध्ये गोल ठिपक्यासारखी दिसते, म्हणजे जाडीचा प्रॉब्लेम इथे कमी, पण दोन्ही कानांच्या जाड हाडांमधून जाणाऱ्या काळ्या पट्ट्या नेमक्या तिथेच येतात. संशय असेल तर साध्या सीटीवर थांबूच नये, अँजिओग्राफीच करावी.

किडनीचं. डायमुळे किडनीला त्रास होऊ शकतो हे खरं, पण पूर्वी वाटत होतं त्यापेक्षा हा धोका बराच कमी आहे, आणि आधी किडनीचा आजार माहिती नसेल तर मोठ्या झटक्यात क्रिएटिनिनच्या (किडनीच्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टसाठी थांबू नका असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आधीचा किडनीचा आजार असेल, डायची अ‍ॅलर्जी झालेली असेल, तर ते आधी सांगा. त्यातही बहुतेक वेळा धोका-फायदा बघून स्कॅन करायचाच निर्णय होतो, फक्त तयारी वेगळी असते. वडील डायबेटिसची मेटफॉर्मिन घेत असतील तर ती कधी परत सुरू करायची हे डॉक्टरांना विचारून घ्या. रेडिएशनचं म्हणाल तर डोक्याच्या एका साध्या सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून आपल्याला वर्षभरात मिळतं तेवढ्याच आसपास. अँजिओग्राफीचं त्याहून जास्त असतं, पण ६८ व्या वर्षी बंद नसेच्या समोर हा विचार करण्याची गोष्टच नाही.

आणि साधा सीटी परत का केला? मधे दोन तास गेले होते. तेवढ्या वेळात मेंदूचा मोठा भाग काळवंडू शकतो किंवा इंजेक्शन दिलं असेल तर रक्तस्राव होऊ शकतो, आणि कॅथेटर घालायच्या आधी आत्ताची परिस्थिती माहिती हवी. दुसरं, खरं सांगायचं तर तुमच्याकडे बहुधा नुसती फिल्म होती, सीडी नव्हती. हॉस्पिटल बदलायची वेळ आली तर फिल्म राहू दे पण सीडी किंवा ऑनलाइन लिंक मागा, पातळ स्लाइससकट, आणि अ‍ॅम्ब्युलन्स निघायच्या आतच ती पुढच्या हॉस्पिटलला पाठवा. वाघोलीहून संध्याकाळी निघालेली अ‍ॅम्ब्युलन्स किंवा चांदणी चौकात अडकलेली गाडी, तेवढ्या वेळात इकडे स्कॅन वाचून कॅथ लॅब (जिथे कॅथेटर घालून गुठळी काढतात ती खोली) तयार होऊ शकते. अजून एक, आत्ता सगळं ठीक असताना फोन करून विचारून ठेवा की तुमच्या घराजवळच्या कुठल्या हॉस्पिटलमध्ये रात्रीपण सीटी अँजिओग्राफी आणि गुठळी काढायची सोय आहे. १०८ ला फोन करतानाही ‘पक्षाघाताचा झटका आहे, इतक्या वाजता सुरू झाला’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

शेवटचा प्रश्न, घरातल्या बाकीच्यांनी सीटी करावा का. नको. गुठळी नसेत आधीपासून बसून वाट बघत नसते, ती त्या क्षणी येते किंवा बनते, त्यामुळे आजचा स्वच्छ सीटी उद्याची काही खात्री देत नाही. त्याऐवजी तुम्ही भावंडं आणि आई, सगळ्यांचं बीपी मोजा, उपाशीपोटी शुगर आणि कोलेस्टेरॉल करा, तंबाखू-सिगारेट असेल तर ती बंद करा. आणि मनगटावर बोटं ठेवून एक मिनिटभर नाडी बघा, ठोके वेडेवाकडे लागत असतील तर ईसीजी काढून फिजिशियनला दाखवा, कारण हृदयाची ती अनियमित लय हे मेंदूत जाणाऱ्या गुठळ्यांचं फार मोठं कारण आहे. वडिलांच्या डिस्चार्ज कार्डावर गुठळी हृदयातून आली का मानेच्या नसेतून हे लिहिलेलं नसेल तर पुढच्या व्हिजिटला न्यूरॉलॉजिस्टना तेवढं नक्की विचारा, त्यांची रक्त पातळ करायची गोळी कुठली हे त्यावरच ठरतं.